ब्रेक मारायचा नाही

माझी आत्या टायर बघत नाही, चाचपते. डोळे भलतीकडेच असतात, कधी रस्त्यावर, कधी माझ्या कामातल्या चुकांवर, आणि तळवा मात्र टायरवरून फिरत असतो, एकदा पुढे, एकदा मागे. मग मालकाला सांगते, "मधला भाग झिजलाय, हवा जास्त भरता तुम्ही." नाहीतर, "दोन्ही कडा गेल्यात, हवा कमी असते." नाहीतर, "एकाच बाजूने खाल्लाय, चाकं सरळ नाहीत, द्या हिच्याकडे." ही म्हणजे मी. चाकांची अलाइनमेंट मी करते आणि बरी करते, तरी ती दर वेळी पाठीमागे येऊन उभी राहतेच. मला ते मुळीच खपत नाही. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

गिऱ्हाइकांनाही ती सोडत नाही. सकाळी गाडी थंड असताना हवा तपासा, चालवून आल्यावर तपासली तर आकडा फसवतो. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात कुठल्या वर्षी बनला ते. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, वर कितीही नवं दिसलं तरी. बाजूला फुगवटा आला की टायर काढा, उद्यावर टाकू नका. गिऱ्हाइकं माना डोलावतात आणि पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती एकच वाक्य म्हणते, "माणूस थापा मारेल, टायर मारत नाही." ह्या वाक्यावर तिचा फार विश्वास होता. माझाही होता, खोटं कशाला बोलू.

आत्याचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, तिच्या अगदी उलट. घरातल्या बोलण्यात पंधरा आणे वाटा तिचा, एक आणा ह्यांचा. ते एका दवाखान्याची गाडी चालवायचे. जुनी सात जणांची गाडी, सकाळी नर्सना आणायचं, दुपारी चारला घरी सोडायचं. आधीची नोकरी सुटल्यावर ते काही महिने घरी बसले होते, तेव्हाचे आतोबा मला अजून आठवतात. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि बसल्या जागी वाळत चालले होते. ही गाडी हातात आली आणि माणूस परत माणसात आला. आत्या कधी बोलली नाही, पण त्या गाडीच्या टायरांना ती जेवढी जपायची तेवढं आम्हाला कुणाला जपलं नसेल.

एकदा आतोबा नेहमीसारखी गाडी तपासायला घेऊन आले. आत्याचा हात डाव्या पुढच्या टायरवरून फिरला आणि मध्येच थांबला. तिचा हात असा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. टायरवर तळहाताएवढा एक सपाट डाग होता, कानशीने घासल्यासारखा. चाक जाम होऊन रस्त्यावर फरफटलं की असा डाग पडतो. जुन्या गाडीत करकचून ब्रेक दाबला की होतं ते.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"कुत्रं आडवं आलं," आतोबा म्हणाले.

टायर बदलले. काही आठवड्यांनी नव्या टायरवरही डाग, एकाला लागून दुसरा. आता गाडी गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज यायचा, थप, थप, थप, भिंतीपलीकडून कुणी अनवाणी चालत यावं तसा. मी हातातलं काम सोडून दाराकडे बघायची आणि गाडी दिसली की मगच माझा जीव भांड्यात पडायचा.

"रोज कुत्रं येतं का, वेळ ठरवून?" आत्या म्हणाली. आतोबा नुसते टायरकडे बघत राहिले.

मग एक दिवस दवाखान्यातल्या थोरल्या नर्सबाई दुकानात आल्या. नाकावर पट्टी होती. म्हणाल्या, "तुमचे यजमान देवमाणूस आहेत हो, पण ओढ्यावरच्या मोरीच्या वळणावर रोज काय होतं त्यांना? समोर चिटपाखरू नसतं आणि हे ब्रेकवर उभे राहतात. काल माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं. मागून एखादा ट्रक असला तर आम्ही सहा जणी गेलोच ना? मी अजून वर बोलले नाही. बोलले तर त्यांची गाडी काढून घेतील." बाई चांगल्या होत्या. पण धमकी चांगल्या माणसाने दिली म्हणून काही ती कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी चारला आत्या गाडीत आतोबांच्या शेजारी जाऊन बसली. मी मागे नर्सबाईंमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. लख्ख ऊन होतं. गोदामं संपली, लांबलचक भिंत संपली, मग रस्ता डावीकडे वळतो आणि पुढे ती अरुंद मोरी. वळणावर येताच आतोबांनी ब्रेक दाबला. टायर किंचाळले, सगळ्या पुढे आदळलो, जळक्या रबराचा वास आत शिरला. समोर रस्ता स्वच्छ रिकामा होता.

"कोण होतं?" आत्याने विचारलं.

आतोबांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "तू."

"मी तुमच्या शेजारी बसलेय."

"हो ना," ते म्हणाले, "आणि तिथेही तूच उभी आहेस. दुकानातला निळा डगला घालून, हात वर करून. मला थांब म्हणतेयस." मग आणखी हळू म्हणाले, "तुला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही."

मागे एक नर्स तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायला लागली. आत्या काचेतून त्या रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि खरं सांगते, मला त्या जागेकडे बघवत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. मी म्हटलं, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू, तोवर गाडी बंद. तर आत्या अंगावर आली, "तू तुझी चाकं सरळ कर. गाडी गेली तर ते परत त्या खिडकीत जाऊन बसतील, आणि ह्या वेळी उठायचे नाहीत." तिचंही खरंच होतं. नवऱ्याची गाडीही हवी होती आणि नवराही हवा होता तिला.

मग तिने स्वतःच इलाज काढला. टायरला काढते तसा.

"दुपारी चारला मी कुठे असते?" ती विचारायची.

"दुकानात."

"मग तिथे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग ब्रेक मारायचा?"

"नाही मारायचा."

पाढे म्हणून घ्यावेत तसं रोज गाडी काढण्याआधी ती हे त्यांच्याकडून म्हणून घ्यायची. आणि एक दिवस त्यांनी ते केलं. गाडी दुकानापुढे लावून उतरले तेव्हा पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "तुझ्या अंगावरून गाडी घातली मी."

"मी ही काय, इथे आहे," आत्या म्हणाली.

ते मागे नळावर गेले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले.

पण माणूस कशालाही सरावतो. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. थपथप बंद झाली. आत्याने चारी टायर नवे घातले, दर आठवड्याला सकाळी थंड चाकांत हवा बघायची, तळवा फिरवायची, आणि आता तिचा हात कुठेही थांबत नव्हता. "बघ," ती मला म्हणायची, "टायर मारतोय का थापा?" नर्सबायका खुश झाल्या, गाडीत डुलक्या काढायला लागल्या. सगळं सुरळीत झालं म्हणे. मला विचाराल तर मला ती थपथप परवडली होती. तिच्यावरून निदान कळायचं तरी, की ह्या माणसाला अजून थांबावंसं वाटतंय.

मग तो दिवस आला. दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. महिन्यापूर्वीच आत्याने त्याला टायरचा फुगवटा दाखवून बदलायला सांगितलं होतं, आणि हे महाशय "बघू पुढच्या वेळी" म्हणून गेले होते. तोच टायर आता फुटला होता. गाडी मोरीवर आडवी अडकली होती आणि आत त्याची म्हातारी आई, तिला उतरता येत नव्हतं. आम्ही दोघी सामान घेऊन धावलो. कुठली मोरी, कुठलं वळण, डोक्यातच आलं नाही. काम समोर असलं की आम्हाला दुसरं काही दिसत नाही, हा आमचा घरचा रोगच आहे.

मी जॅक लावून चाकापाशी बसले. वळणावरून येणाऱ्याला आम्ही अगदी जवळ आल्याशिवाय दिसलो नसतो. आत्याने लाल त्रिकोण मागितला. गिऱ्हाइकाकडे तो कुठला असायला. "मी थांबवते गाड्या," असं म्हणून ती हातात चाकाचा पाना घेऊन तशीच वळणाकडे गेली. एक टेम्पो तिने थांबवला आणि हळूच बाजूने सोडला. मग रस्ता रिकामा झाला.

आतोबांच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मी मान वर केली. वळणावर आत्या उभी होती, निळा डगला, हात वर.

मी ओरडले, "आत्या, बाजूला हो." तिने ऐकलं नाही. गाडी वळली. काचेआड आतोबा दिसले. ते सरळ तिच्याकडेच बघत होते. चेहरा शांत, अगदी लहान मुलासारखा आज्ञाधारक, आणि ओठ हलत होते. ते काय म्हणताहेत हे मला इतक्या लांबूनही कळलं. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

आत्यालाही कळलं. त्या क्षणी तिने वळून आमच्याकडे पाहिलं, तिचा चेहरा मला दिसला, आणि आतोबांनी त्याचं जे वर्णन केलं होतं त्यात काडीचाही फरक नव्हता. ती उडी मारून बाजूला होऊ शकली असती. पण तिच्या मागे मी होते, ती म्हातारी होती, आणि समोरच्या गाडीत झोपलेल्या सहा जणी. ती जागची हलली नाही. तिने हातातला पाना उचलला आणि जिवाच्या आकांताने काचेवर फेकला.

काच तडकली. मग ब्रेक लागला. चारी चाकं जाम होऊन गाडी फरफटत पुढे आली आणि आत्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबली. टायर नवे होते, खाचा खोल होत्या, हवा बरोबर होती, म्हणून थांबली. ते जुने, डाग पडलेले टायर असते तर मी हे सांगत बसले नसते.

आतोबा उतरले. हळूहळू जवळ आले आणि त्यांनी आत्याच्या डगल्याच्या बाहीला हात लावला. मग दंडाला. मग गालाला.

"दिसली होतीस मला," ते म्हणाले. "पण तू सांगितलं होतंस ना, ब्रेक मारायचा नाही."

आत्या तिथेच रस्त्यावर बसली आणि मोठमोठ्याने रडली. आतोबांनी गाडीतून किल्ली काढून आणली आणि तिच्या मुठीत ठेवून मूठ बंद केली.

आता ते दुकानात असतात. डॉक्टरांना दाखवून झालं, औषधं चालू आहेत. त्यांनी परत खिडकीत बसू नये म्हणून आत्याने त्यांना हवा भरायचं काम दिलंय आणि ते मन लावून करतात. आत्या बाहेरून आली की ते आधी तिच्या बाहीला हात लावून बघतात, मग बोलतात. काम करताना कुणी हात लावलेला जिला कधी चालला नाही, ती आता त्यांचं होईस्तोवर मुकाट्याने उभी राहते.

कधीकधी मात्र आत्या आत माझ्या पाठीशी उभी असते आणि बाहेर आतोबा दारापुढच्या रिकाम्या जागेत हात पुढे करतात, काहीतरी चाचपतात. मी पान्यावरचा हात थांबवते. आत्या बघते आणि आवाज होईल तेवढा साधा ठेवून म्हणते, "अहो, मी इकडे आहे."