धूर आणि खुर्चीवरचे रुमाल

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आमची हौशी नाटकमंडळी होती. आमचे दिग्दर्शक पोटापाण्यासाठी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघायचे. त्यामुळे संवाद पाठ नसले तर एकवेळ चालायचं, पण नाट्यगृहात धूर झाला तर कुणी काय करायचं, ती तालीम चुकवलेली चालायची नाही. मेन स्विच कुणी बंद करायचा, कुठल्या दाराशी कुणी उभं राहायचं, सगळं ठरलेलं. डावं दार माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज. आम्ही या तालमीची यथेच्छ टिंगल करायचो.

एका प्रयोगाला कागलजवळच्या गावाहून माझे वडील आले. लेकीनं नाटकात काम करणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. आईनं कसंबसं पाठवलं होतं. माझी एन्ट्री दुसऱ्या अंकात होती.

पहिला अंक रंगात आला आणि विंगेतल्या दिव्याच्या वायरीतून धूर निघाला. दिग्दर्शकांनी पडदा पाडला, स्विच बंद करवला आणि शांतपणे सांगितलं, "प्रयोग जरा थांबवतोय. सगळ्यांनी जवळच्या दारानं बाहेर या."

मी खाष्ट सासूच्या नऊवारीत, हातात टॉर्च घेऊन दार उघडून उभी. लोक उठले, पण बाहेर पडतील तर शपथ! एसटीत जागा धरावी तसा जो तो आधी खुर्चीवर रुमाल टाकत होता. एक बाई तर पिशवी ठेवायला निम्म्या वाटेतून मागं वळली आणि रांग तुंबली. माझं डोकंच फिरलं.

"ओ पावणं, खुर्ची कोण न्हेत न्हाय! आधी जीव घेऊन भाईर चला की!"

हशा पिकला, पण रांग हलली. माणसं जात होती आणि माझ्याच दाराच्या बाजूला बसलेले माझे वडील काही येईनात. त्यांचे गुडघे धरलेले. पण दार सोडायचं नाही, हा नियम. दिग्दर्शकांना मनात शिव्या घालत मी तिथंच उभी राहिले. अगदी शेवटी, कुणाच्या तरी खांद्याला धरून ते आले, उघड्या डोक्यानं. घराबाहेर त्यांना टोपीशिवाय मी जन्मात पाहिलं नव्हतं.

एकच वायर जळली होती. अर्ध्या तासात प्रयोग पुन्हा सुरू होणार, असं बाहेर कळलं. माझा जीव भांड्यात पडला आणि मग राग उसळला.

"आबा, एवढा वेळ काय करत हुतासा? आणि टोपी कुठं हाय?"

"खुर्चीवर ठेवलीया," ते म्हणाले. "तुझं काम बघायचं ऱ्हायलंय की अजून."