सारंगसाहेबांची रांग

संध्याकाळी सारंगसाहेब रस्त्यापलीकडे वाळूत उभे राहून आमच्या घरांकडे बघत. कोणी भेटलं की त्याला शेजारी उभं करत आणि म्हणत, "इथून बघा. जवळून कळत नाही."

साहेब दापोलीकडचे. विलायतेत शिकताना ते दीडदोनशे वर्षं जुन्या एका रांगेत भाड्याने राहिले होते. भिंतीला भिंत लागून घरं, पण सगळ्यांची दर्शनी बाजू एकच, महालासारखी. साठच्या दशकात अबुधाबीत तेल कंपनीच्या हिंदी नोकरांसाठी घरं बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा त्यांनी तशीच रांग उभी केली: भिंतीत अर्धे रुतलेले खांब, मधोमध त्रिकोणी शिखर, दारांवर अर्धगोल काचा, छप्पर झाकणारा उंच कठडा. "आपल्या माणसाने पत्र्याच्या शेडमध्ये का राहायचं?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भोवती सगळी खजुराच्या झापांची घरं. आमच्या रांगेचे फोटो काढायला पाहुणे येत.

मी तान्ह्या मुलाला घेऊन तिथे आले आणि पहिला उन्हाळा लागला. पश्चिमेचं ऊन काचांतून थेट आत यायचं. भिंती जोडलेल्या, त्यामुळे वारा शिरायला वाट नव्हती. गच्चीवर अंथरूण टाकावं तर कठडा वारा अडवायचा. झापांच्या घरांतल्या बायका आमच्यापेक्षा सुखात होत्या. पण साहेबांनी विचारलं की सगळे पुरुष सांगायचे, घर एकदम फर्स्ट क्लास.

एका शुक्रवारी दुपारी साहेब बायकोला, सकीनाभाभींना, घेऊन आमच्याकडे आले. माझ्या मिस्टरांनी तेच फर्स्ट क्लास ऐकवलं. मूल रडत होतं म्हणून सकीनाभाभींनी त्याला उचललं, आणि त्याची पाठ साहेबांना दाखवली. घामोळ्यांनी ती लालभडक झाली होती. मिस्टरांची मान खाली गेली.

साहेबांनी मागच्या खोलीत बसू का, असं विचारलं. दार लावून ते ऊन कलल्यावरच्या, असरच्या अजानपर्यंत आत बसले. बाहेर आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि ते आमच्याकडे बघत नव्हते.

"भाभी, हे घर मी रस्त्यावरून बघायला बांधलं," ते मला म्हणाले. "आत राहायला नाही."

त्यानंतर ते वाळूत कधी उभे राहिले नाहीत. कठडा पाडायची परवानगी कंपनीच्या मॅनेजरने दिली नाही. दर्शनी बाजू बिघडेल म्हणाला. शेवटी साहेबांनी दोन गवंडी घेऊन स्वतःच हातोडा उचलला. कठडा गेला, शिखर गेलं. काचांवर फळ्या बसल्या, मागच्या भिंतींना झरोके पडले, खांबांपुढे झापांचे मांडव आले. रांग अगदी कुरूप दिसू लागली. साहेबांची नोकरी गेली.

जाण्याआधी ते प्रत्येक घरी माफी मागायला गेले. लोक ओशाळून "असं नका बोलू" म्हणत, कारण खोटं आम्हीही बोललो होतो. आमच्या दाराशी आले तेव्हा मूल मांडवाखाली गाढ झोपलं होतं. मी म्हटलं, साहेब, माफी कसली, आता छान वारा येतो.

"वारा पहिल्यापासून होता, भाभी," ते म्हणाले.

मिस्टरांनी साहेबांची बॅग उचलली आणि ते दोघं बोटीच्या धक्क्याकडे निघाले.