सोलापुरी चादर आणि एक गादो

समुद्र बघायला जायचं ठरलं आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते बॅगेवरून. मी सोलापुरी चादर भरली होती. आमच्या ह्यांचं म्हणणं, "तितं अंथरूण-पांघरूण देत न्हाईत व्हय? चार किलोचं ओझं कशाला?" देत असतील हो! पण परक्या पांघरुणात मला झोप लागत नाही, आणि ही चादर काही बाजारातून आणलेली नाही. माझे वडील, अण्णा, चादरीच्या कारखान्यात मागावर होते. माझ्या लग्नाला त्यांनी ती आपल्या हातानं विणून दिली. मरून रंगाची, पांढऱ्या नक्षीची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, चादरीचा एक धागा अजून सुटलेला नाही. मी बॅगेची चेन ओढली.

हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे मंगळवेढ्याचे. मी स्वतः वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होते. दोघांनाही रजा एकदम कधी मिळाली नाही, त्यामुळे फिरणं राहूनच गेलं. गंमत म्हणजे मालवणच्या स्टँडवर ह्यांनी दोनदा मुक्काम केलाय, पण समुद्र पाहिला नाही. "गाडी टाकून कसं जायचं?" म्हणे. मला मात्र आयुष्यात एकदा डॉल्फिन बघायचा होता. कुठून डोक्यात बसलं होतं कोण जाणे, पण बसलं होतं खरं.

पहाटे सोलापूर स्टँडवरून निघालो. मोहोळ, पंढरपूर, सांगोला मागं पडेपर्यंत सगळं ओळखीचं, काढणीला आलेली ज्वारी आणि मोकळी रानं. कोल्हापूरला गाडी बदलली आणि घाट लागला तशी माझी करमणूक सुरू झाली. गाडी चालवतोय दुसराच, आणि प्रत्येक वळणाला ब्रेक दाबतायत आमचे हे, रिकाम्या पत्र्यावर! एका वळणावर तर मोठ्यानं म्हणाले, "हितं दुसरा गिअर टाकायचा असतो!" ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. मी खिडकीबाहेर तोंड वळवलं, दुसरं काय करणार?

ज्या गावात उतरलो ते मालवणच्या जवळ आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना गर्दी नको आहे, आणि का नको ते पुढं कळेलच. नाना नावाच्या मच्छीमाराकडे दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. त्यांच्या पत्नी शालनवहिनींनी पहिल्याच दुपारी बांगड्याचं तिखलं (त्रिफळं घातलेलं दाट कालवण) आणि भात वाढला. मी बदल्यात आमची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. वहिनींनी भाकरी हातात घेतली, वाजवून बघितली आणि विचारलं, "ह्यो पापड भाजलेलो काय?" मी म्हटलं, "पापड नव्हे हो, भाकरी! महिनाभर टिकते." त्यांनी तुकडा मोडला, चटणी लावली, आणि दुसऱ्या तुकड्याला कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी आम्हाला होडीतून नेलं. खाडीच्या तोंडाशी आणखी चार-पाच होड्या होत्या. लांबवर एक करडी पाठ वर आली आणि गडप झाली. झालं! सगळ्या होड्या इंजिनं धडधडवत तिकडं पळाल्या. माणसं उभी राहून शिट्ट्या मारतायत, टाळ्या वाजवतायत. आमच्या ह्यांच्या अंगात ड्रायव्हर संचारला. "नाना, दाबा की जरा! ती पिवळी होडी पुढं गेली बघा. डावीकडनं काढा!"

नानांनी इंजिन बंद केलं.

मला रागच आला. एवढ्या लांबून आलो आणि हा बाबा होडी बंद करून बिडी काढतोय? नाना शांतपणे म्हणाले, "गादो (तिकडं डॉल्फिनला असं म्हणतात) काय एसटी न्हय, ओव्हरटेक करूक. मागसून धावलात तर तो पळतलो. आवशीपासून पिल्लू चुकता. इंजिनाचो पंखो लागलो तर पाठ चिरता. गप बसा, मन झाला तर आपणच येतलो."

बसलो गप. पाणी फळ्यांवर चापट्या मारत होतं. किती वेळ गेला माहीत नाही, आणि अचानक अगदी हातभर अंतरावर आवाज झाला, "फूऽऽस!" ओली करडी पाठ, पाठीवर लहानसं कुबड, आणि एक डोळा. देवाशपथ सांगते, त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

"श्वास घेता तो," नाना म्हणाले. "मासो न्हय गादो. तुमच्या-आमच्यासारखोच. नाक फक्त टाळूवर आसा, इतक्याच."

मी मान डोलावली. ऐकलं, समजलं, लक्षातही ठेवलं. निदान मला तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तर किनाऱ्याकडून हाका ऐकू आल्या. नाना कप टाकून पळाले, मागून आम्ही. ओहोटी लागली होती आणि ओल्या वाळूवर एक गादो पडला होता. पूर्ण वाढलेला नव्हता, माझ्याएवढा असेल लांबीला. शेपटीला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा असा आवळला होता की कातडीत रुतलेला. कुणीतरी फाटलं म्हणून समुद्रात टाकून दिलेलं जाळं. पोहता न आल्यानं तो किनाऱ्याला लागला होता. पाणी मागं चाललेलं, आणि ऊन वर येत होतं.

नानांनी वनखात्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, निघतोय, पण तासभर तरी लागेल. तोवर ओला ठेवा, सावली करा, गलका करू नका. नाना पातं घेऊन शेपटीशी बसले आणि जाळ्याचा एकेक धागा कापायला लागले. "तुमी पाणी घाला," मला म्हणाले.

मी बादलीनं पाणी घालू लागले. उन्हात त्याची कातडी सुकताना दिसत होती, आणि माझा जीव कासावीस झाला. आता हे सोलापूरच्या माणसालाच कळेल. तीस वर्षं हे उन्हातून गाडी चालवून घरी आले की मी पहिलं काम काय केलं असेल, तर टॉवेल भिजवून त्यांच्या डोक्यावर टाकला. डोकं थंड झालं की माणूस वाचला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. माझ्या खांद्यावर टॉवेल होताच. मी तो पाण्यात बुचकळला आणि मायेनं, अगदी मायेनं, गादोच्या डोक्यावर पसरला. वरून दाबून नीट बसवला.

थोड्या वेळानं टॉवेल टाळूवर आत ओढला गेल्यासारखा चिकटला. त्याच्या अंगाला हिसका बसला. मला वाटलं, थंड वाटलं असेल.

"ओ बाय!" नाना शेपटीकडून ओरडले. "नाक झाकलात तेचा! काढा ता!"

मी टॉवेल खेचला. काहीच नाही. टाळूवरची ती लहानशी फट मिटलेली. मी गुडघ्यांवर बसले आणि म्हणत राहिले, "घे रे बाबा, श्वास घे, घे की!" मी मारला याला. बघायला आले आणि मारून चालले, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि मग "फूऽऽस!" माशासारखा वास असलेला गरम श्वास माझ्या हातावर आला. मी तिथंच रडायला लागले. लाज कसली!

तोवर गर्दी जमली होती. मोबाईल वर करून माणसं पुढं सरकत होती, एक जण तर सेल्फीसाठी त्याच्या पाठीला टेकायला निघाला. तेव्हा आमचे हे उभे राहिले. मंगळवेढ्याचा तो आवाज तीस वर्षांनी पहिल्यांदा मला गोड वाटला. "मागं सरका! मागं लई जागा हाय! ओ टोपीवाले, तुमाला येगळं सांगू काय? आजारी माणूस हाय हितं!" लोक सरकले. एसटीत सरकतात तसेच, कुरकुरत, पण सरकले.

वनखात्याची तरुण ताई आली. तिनं शेपटी बघितली, श्वास मोजले आणि म्हणाली, जखम खोल नाही, पाण्यात सोडू या. पण शेपटीला किंवा परांना धरून ओढायचं नाही. उचलायचं कशात? कुणीतरी ताडपत्री आणली. नाना म्हणाले, "सोलून निघतलो तो हेच्यात. तेची कातडी मऊ."

मी एक क्षण थांबले, खोटं कशाला बोलू. मग खोलीवर धावत गेले आणि चादर घेऊन आले.

समुद्रात भिजवली तेव्हा तिचा मरून रंग गडद झाला. एका बाजूची वाळू उकरून चादर त्याच्या खाली सरकवली आणि सहा जणांनी कडा धरल्या. एका कोपऱ्याला मी, समोर हे. विणलेला पोत हाताला लागला आणि मनात आलं, अण्णा, आता धागा सोडू नका. सोडला नाही त्यांनी. कंबरभर पाण्यात चादर सैल केली. तो तसाच तरंगत राहिला, एका अंगावर कलला. ताईनं त्याला सरळ धरलं, नाक पाण्याच्या वर. मग शेपटी हलली, एकदा, पुन्हा एकदा, आणि माझ्या मांडीला जोराचा धक्का देऊन तो गेला. मी सरळ पाण्यात बसले. लांबवर पाठ दिसली, श्वासाचा आवाज आला, आणि संपलं.

पुढचे दोन दिवस नाना रोज पहाटे किनारा बघून येत. "जगलो नसतो तर लाटेन हाडून टाकलो असतो," ते सांगत. लाटेनं काही आणलं नाही. त्या दोन दिवसांत मी जेवढी सोलकढी प्यायले तेवढी जन्मात प्यायले नसेन.

वहिनींनी चादर गोड्या पाण्यात तीनदा धुऊन, घडी करून दिली. निघायच्या सकाळी मी ती नानांच्या जाळी ठेवायच्या झोपडीत नेली आणि खुंटीवर टांगली. हे दारात उभे होते. म्हणाले, "अगं, वडलांची आठवण हाय ती."

"म्हणूनच," मी म्हटलं. "बॅगेत पडून काय करणार?"

परतीच्या घाटात ह्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "ते इंजिन बंद केलं की, ते बरं केलं नानांनी. मी दाबलंच असतं." एवढ्या वर्षांच्या संसारात चूक कबूल करण्याची ही पहिलीच खेप, म्हणून इथं लिहून ठेवते.

सोलापुरात आता ऊन मी म्हणतंय. परवा दुपारी हे बाजारातून तापून आले, मी टॉवेल भिजवून डोक्यावर टाकला आणि हात आपोआप थांबला. पदर सावरावा तसं टॉवेलचं टोक त्यांच्या नाकावरून बाजूला केलं. हे हसले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नाना, मागं लाटांचा आवाज.

"बाय, तुमची चादर आज परत कामाक इली. आणखी एक गादो वाळूत लागललो."

"आणि तो?" मी विचारलं.

"पाण्यात सोडलो. दोनदा श्वास घेतल्यान आणि गेलो आपल्या घराक. नाक कोणी झाकूक नाय," नाना म्हणाले. "मी सगळ्यांका आधीच सांगलंय."