‘कच्चा’चा शिक्का

शिबिराच्या टेबलावर माझ्यापुढे तीन रबरी शिक्के असत. ‘ऑपरेशन’, ‘चष्मा’ आणि ‘कच्चा’. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका रुग्णालयाचे नेत्रपथक हिवाळ्यात खेडोपाडी जाई आणि मी त्या पथकाचा तंत्रज्ञ होतो. डॉक्टरांपर्यंत कोणी जायचे आणि घरी कोणी परतायचे, हे आधी मी ठरवत असे. रोगी बाकावर बसे, भिंतीवरच्या तक्त्यावरची चिन्हे सांगे, मी बॅटरीने बाहुलीत पाही आणि त्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारी.

‘कच्चा’ म्हणजे मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. त्या काळी तो पूर्ण पिकल्यावरच काढत. ‘पिकू द्या, मग या’ हे वाक्य मी दिवसभर म्हणत असे. शब्द लोकांचाच होता. आम्ही त्याचा शिक्का केला एवढेच.

भिवापूर तालुक्यातल्या एका गावी, शाळेत, दर वर्षी संक्रांतीनंतर शिबिर भरे. त्याच दिवसांत गावाबाहेर मिरचीचे सातरे लागत. उघड्या माळावर मिरची वाळत घातलेली, आणि ओळीने बसलेल्या बाया देठ खुडत, पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढत. त्यांचे डोळे हंगामभर लाल असत. डोळे चुरचुरतात, पाणी येते, या तक्रारी मी लिहून घ्यायचेही सोडून दिले होते.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा पन्नाशीची असेल. सातऱ्यावर फटकी निवडायचे काम करी. बरोबर सून होती. तक्ता तिने शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत सांगितला. दोन्ही बाहुल्यांत किंचित राखाडी झाक होती. मी ‘कच्चा’ मारला आणि नेहमीचे वाक्य म्हटले.

तिने विचारले, “मिरची पिकते त लाल होते जी. डोया पिकला हे मले कसं समजन?”

रांगेत हसू फुटले. मागचा एक म्हातारा म्हणाला, “तिखट लागला का पिकला समज वं.” मीही हसलो. मग सांगितले, “पूर्ण दिसेनासं झालं की समजा, पिकला. तेव्हा या.”

मोतीबिंदूच्या बाबतीत हे वाक्य बरोबर होते.

दुसऱ्या वर्षी ती परत आली. या वेळी बोलत होती ती सून, आणि सासूवर वैतागलेली होती. सासू दाराच्या चौकटीला खांदा आपटते, वाळत घातलेल्या मिरचीवर पाय देते, शेजारी येऊन बसलेल्या माणसाचा तिला पत्ता नसतो. समोरच्या ढिगातली एकही फटकी मात्र हातून सुटू देत नाही. सोंग करते, असे सुनेचे मत होते. बाई एवढेच म्हणाली की कंदिलाभोवती रंगीत कडे दिसते आणि कपाळ ठणकते. तक्ता तिने पुन्हा जवळजवळ पूर्ण सांगितला.

मला जे प्रशिक्षण मिळाले होते त्यात हे सगळे एकाच पानावर होते. समोरचे दिसते, बाजूचे जाते, दिव्याभोवती कडे दिसते, तो काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. वेळेत औषधाचे थेंब सुरू केले तर उरलेली राखता येते. दाब मोजायचे यंत्र आमच्याकडे होते, पण ते नागपूरला लोखंडी कपाटात राही. नाजूक वस्तू, खेड्यात बिघडेल, असे कारण होते. शिबिराच्या फॉर्मात दाबाचा रकानाही नव्हता.

मी ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून डॉक्टरांना हे सांगितले. त्यांचे हात कामात होते. मान न वळवता त्यांनी विचारले, ती तक्ता वाचते किती. मी सांगितले. ते म्हणाले, मग इथे कशाला, नागपूरला यायला सांग. नागपूरला पाठवायचे तर वेगळ्या चिठ्ठीवर त्यांची सही लागे, आणि सहीसाठी बाईला संध्याकाळपर्यंत थांबवावे लागले असते. सुनेला सातऱ्यावर परत जायची घाई होती. रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. मी बाईला तोंडी सांगितले की जमले तर नागपूरला येऊन दाखवा. ‘जमले तर’ हे शब्द माझे. तिने विचारले, पिकला का. मी म्हटले, नाही. शिबिराची चिठ्ठी शिक्क्याशिवाय देता येत नसे आणि चौथा शिक्का नव्हता. मी ‘कच्चा’ मारला.

त्या शिबिराची बातमी मीच लिहिली. पूर्वी मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे, म्हणून पथकात ते काम माझ्याकडे आले होते. किती जणांना तपासले, किती ऑपरेशने झाली, पाहुणे कोण, आभार कोणी मानले. ‘कच्चा’ शिक्क्याची माणसे तपासलेल्यांच्या आकड्यात जात. बातमीत एकही चूक नव्हती.

तिसऱ्या वर्षी ती सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आली. खुशीत होती. बाकावर टेकायच्या आधीच म्हणाली, “पिकला जी आता. काढून टाका.”

मी बॅटरी लावली. बाहुली मोठी होती आणि उजेडाने हलली नाही. दुसरीही हलली नाही. उजेड कुठल्या बाजूने येतो, असे विचारले तेव्हा तिने खिडकीच्या उलट बाजूला बोट केले. या वेळी डॉक्टर स्वतः उठून आले. पापणी मिटवून त्यांनी दोन्ही डोळे बोटांनी दाबून पाहिले आणि मला हळूच म्हणाले, दगड झालेत, आता काही नाही, तू समजावून सांग. बोटांनी दाब अजमावायला यंत्र लागत नाही. हे मलाही शिकवलेले होते.

अशा रोग्यांना काय म्हणायचे ते पथकात ठरून गेले होते. मी तेच म्हटले. “उशिरा आलात बाई.”

सून तडकली. “उशीर काहून जी? दरसाल त आणून राहिली मी सासूले.” तिने पिशवीतून दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर टाकल्या. नीट घडी केलेल्या, तिखटाच्या बोटांचे डाग पडलेल्या. दोन्हींवर माझा शिक्का होता. नागपूरला न्यायची तयारी झाली होती, ती म्हणाली. पण गावच्या मास्तरांनी चिठ्ठी वाचून ‘कच्चा’ लिहिल्याचे सांगितले, आणि कच्चा असताना नेऊन काय करणार, असे घरात ठरले.

“चूप वं,” सासू म्हणाली. मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून, मलाच समजावल्यासारखे बोलली. “तुमीच सांगतलं होतं ना साहेब, पूरं दिसेनासं झालं का या म्हणून. दिवायीले पूरं गेलं. मंग शिबिराची वाट पाहिली. उशीर नाही केला मी.”

मी काचबिंदू हा शब्द उच्चारला नाही. तो उच्चारला असता तर तो मला कधी सुचला होता, हेही सांगावे लागले असते. डोळ्यांची नस सुकली, देवाची मर्जी, असे काहीतरी मी म्हणालो. तिने विचारले, एका तरी डोळ्यातला काढता येईल का, फटकी नाही तर निदान चूल दिसली तरी चालेल. मी नाही म्हटले.

जुन्या चिठ्ठ्या जमा करून घ्यायचा नियम नव्हता. मी त्या दोन्ही उचलून माझ्या फायलीत ठेवल्या. कागदाचा आवाज बाईने ऐकला असावा. चिठ्ठ्या पुढच्या साली दाखवायला लागतील का, असे तिने विचारले.

मी सांगितले, लागणार नाहीत.