कासवाच्या पाठीवरची हळद

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लालबागला संचारबंदी होती, तेव्हा आमच्या खोलीत एक कासव होतं. मोर्चाच्या पळापळीत ते कुणाच्या तरी पायाखाली आलं होतं. नवऱ्याने ते टोपीत घालून घरी आणलं. पाठीला मोठी भेग पडली होती. मी भेगेत हळद भरली आणि त्याला खाटेखाली कोरडं ठेवलं. तोंडापुढे माठाच्या भाजीची पानं टाकली, पण ते काही खाईना. असंच चाललं तर मरणार, हे दिसत होतं.

हळद बघून चाळीतल्या बायकांना वाटलं, मी पूजा मांडलीय. देवळात देवासमोर कासव असतंच. शेजारीण तांब्या घेऊन आली.

"अगो, देवाक पाणी तरी घाल!"

"देव देवळात. हे जखमी आहे. भेगेत पाणी गेलं तर कुजेल."

"मग कुंकू लावू?"

"तुझ्या कपाळाला लाव."

ती फणकाऱ्याने गेली. गिरण्या बंद होत्या, भोंगा नव्हता, रस्त्यावर माणूस नव्हतं. सगळी दुपारच पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. मी फरशीवर आडवी झाले. डोळे मिटत होते, तेवढ्यात खाटेखाली बारीक कुरकुर ऐकू आली. माठाच्या भाजीचं पान हळूहळू त्याच्या तोंडात चाललं होतं. मी उठले नाही. तो आवाज ऐकत तशीच झोपले.