आधी आपली माणसं

माझा मामा सरकारी गॅरेजात पेंटर. गाड्यांवर अक्षरं काढायची, हे त्याचं काम. भूकंप झालेल्या एका देशाला आपलं सरकार नवी कोरी ॲम्ब्युलन्स देणार होतं. तिच्यावर मामाने लिहिलं, 'आमच्या जनतेकडून सप्रेम भेट'. आपण एवढे दानशूर आहोत, हे त्याला साहेबांनी मजकूर हातात दिला तेव्हा कळलं.

या दानशूराची बायको, आमची मामी, हृदयाची पेशंट. मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि जवळच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चाकं काढून विटांवर बसवलेली. मामीला धाप लागली की शेजाऱ्याच्या टेम्पोतले दुधाचे कॅन उतरवायचे आणि तिला चढवायचं.

"ती गाडी आपल्याला का नाही हो?" मामीने एकदा विचारलं.

"अगं, त्यांच्याकडे काहीच उरलं नाहीये."

"आणि आपल्याकडे काय आहे?"

"टेम्पो आहे की."

वाद घालण्यापेक्षा ब्रश धुणं त्याला सोपं वाटायचं. वाद घालायला पुढारी समर्थ होते. 'आधी आपली माणसं' म्हणत त्यांनी गॅरेजवर मोर्चा आणला, सरकारने हात टेकले आणि गाडी आमच्या दवाखान्याला मिळाली. मामाने जुनी अक्षरं खरवडून मोर्चातली घोषणा दारावर रंगवली. मामीने पुढाऱ्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले.

गाडी दवाखान्याच्या आवारात आली, तिला फीत बांधली गेली. मंत्र्यांना मात्र सवड होईना. आमच्याकडची रीत अशी की नळ असो नाहीतर पूल, उद्घाटनाआधी त्याला हात लावायचा नाही. मामा रोज जाऊन तिच्यावरची धूळ तेवढी पुसून यायचा.

एका दुपारी मामीला जोराची धाप लागली. टेम्पो दूध घालायला गेलेला. मामा दवाखान्याकडे धावला.

"नोकरी जाईल हो माझी, पेंटर," ड्रायव्हर रडकुंडीला आला. "साहेबांना विचारतो."

साहेबांनी वरच्या साहेबांना विचारलं. तोवर मामाने फीत सोडवून नीट गुंडाळून ठेवली. मला त्याचा अजून राग येतो. फाडून टाकायची होती ती. परवानगी मिळाली, फक्त सायरन वाजवायचा नाही या अटीवर. गाडी घरी पोचली तेव्हा मामी गेली होती.

मोर्चाचे पुढारी भेटायला आले. म्हणाले, "गाडी परदेशी जाऊ दिली नाही आम्ही, एवढं तरी समाधान."

"जाऊ द्यायची होती, साहेब," मामा म्हणाला. "तिथल्या तरी कुणाची बायको वाचली असती."