मिस्त्रींची थप्पड

मिल सुरू करण्याआधी मिस्त्री बटणावर हात ठेवून एकेकाचं नाव घ्यायचे. "शेवंता?" "हौ." "इमला?" "हौ." धनलाल मुद्दाम उशिरा ओ द्यायचा. मग ते म्हणायचे, "घाई नाही बाप्पा. तू हौ म्हटल्याबिगर पट्टा फिरत नाही." सगळे हसायचे आणि मिल धडधडू लागायची.

लालबर्रा रोडवरच्या त्या राईस मिलमध्ये मी वरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. शेठजींनी एके दिवशी मला सुपरवायझर केलं. मिस्त्रींची तिथे अख्खी हयात गेली होती, पण त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. मला वाटलं, आता हे तोंड वाकडं करणार. त्यांनी उलट माझी खुर्ची पुसली. "बसा साहेब. पण खालीबी येत जा."

मी कशाला खाली जातो! तुम्हीही पाहिले असतील असे नवे साहेब. पंधरा दिवसांत हुकूम सोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझा हुकूम होता की नावं घेणं बंद, घंटी वाजवायची आणि मिल सुरू करायची. घंटी मी स्वतः बालाघाटहून निवडून आणली.

"खाली माणसं राह्यते, साहेब," ते म्हणाले.

"म्हणून तर घंटी," मी म्हणालो.

एका दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा मी ऐटीत खाली उतरलो, घंटी वाजवली आणि बटण दाबलं. कोणीतरी किंचाळलं. मिस्त्री धावत आले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. लाइट गेली की बायका पट्ट्याखालच्या खड्ड्यात उतरून सांडलेलं धान झाडून घेत, कारण एरवी पट्टा थांबायचाच नाही. मिलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. शेवंताबाई वर आल्या तेव्हा त्यांचा अर्धा पदर पट्ट्यात अडकून फाटला होता.

तेवढ्यात मिस्त्रींनी सर्वांसमोर माझ्या कानाखाली लगावली. मग स्वतःच्याच हाताकडे बघत ते पोत्यावर बसले.

शेठजी आले. "किसने हाथ उठाया?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"क्यों?"

धनलाल बोलणार होता, पण मिस्त्रींनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं. आणि मी, सांगताना आजही लाज वाटते, गप्प राहिलो. शेठजींनी त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं.

आठ दिवस तसेच गेले. शेवटी शेठजींना खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या, आणि मिस्त्रींना आणायला लामत्याला त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात सायकलची चेन बसवत होते. त्यांनी मला पाणी दिलं. मी हात जोडले.

"चुकलो, मिस्त्री. शेठजींना सगळं सांगितलं. माफ करा, अन् परत या."

"शेवंताले काय म्हटलं?" त्यांनी विचारलं.

आठ दिवस ती बाई माझ्यासमोरून ये-जा करत होती आणि मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तसं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मंग आधी इकडं काहून आले?" एवढं म्हणून ते घरात गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत, मिलमध्येही कधी परतले नाहीत.

शेवंताबाईंसमोर जाऊन उभं राहायला मला त्यानंतरही दोन दिवस लागले.